वॅटांचा हिशेब

संगणक दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात पाच मिनिटे उभे राहिले तर 'सीपीयू' हा शब्द दोन अर्थांनी कानावर पडतो. गिऱ्हाईक म्हणते, "सीपीयू आणलाय, चालूच होत नाही," आणि टेबलावर ठेवते तो दीड फूट उंचीचा पत्र्याचा खोका. दुकानदार तो उघडतो, पंख्याखाली दडलेल्या काडेपेटीएवढ्या चपट्या तुकड्याकडे बोट दाखवतो आणि त्यालाही सीपीयूच म्हणतो. तंत्रज्ञाच्या दृष्टीने दुसरा अर्थ बरोबर, पहिला चुकीचा. पण भाषेची ही चूक बाजाराच्या चांगलीच कामी आली आहे. खोका म्हणजे सीपीयू आणि सीपीयू म्हणजे खोक्यावर चिकटवलेले 'आय-फाइव्ह' किंवा 'रायझन' हे नाव, अशी समजूत एकदा पक्की झाली की आतल्या बाकीच्या वस्तूंकडे कोणी पाहत नाही. त्या बाकीच्यांत मागच्या बाजूला बसवलेली एक पत्र्याची पेटी असते. भिंतीतली वीज आधी तिच्यात शिरते. बाजारात तिला एसएमपीएस म्हणतात, आणि स्वस्त खोक्यांत ती बहुधा कॅबिनेटबरोबर 'फुकट' येते.

प्रोसेसर आणि ही पेटी, या दोन वस्तू कशा निवडाव्यात हा या लेखाचा विषय. तो दुकानातला आहे खरा. पण सध्या अनेकांच्या खिशाशी त्याचा संबंध आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज ११ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. या अटीमुळे नीट चालणारे कितीतरी खोके एका तारखेला 'जुने' ठरले. अक्षरजुळणीची छोटी कार्यालये, गावोगावची वाचनालये, घरी बसून भाषांतर करणारी मंडळी, यांना दहा-बारा वर्षांनी पुन्हा खरेदीला उतरावे लागते आहे. चाळीस-पन्नास हजार रुपये ही त्यांच्यासाठी लहान रक्कम नाही. त्यातले किती पैसे कुठे घालायचे हे कळण्यासाठी मला एकच एकक सर्वांत उपयोगी वाटते, ते म्हणजे वॅट. आणि नेमके त्याच बाबतीत दोन्ही वस्तूंवरचे छापील आकडे अर्धेच बोलतात.

ऑगस्ट १९८१मध्ये आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर आणला, तेव्हा त्याच्या वीजपुरवठ्याची क्षमता होती ६३.५ वॅट. आत इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. तो सेकंदाला ४७ लाख ७० हजार ठोके देई आणि स्वतःसाठी दोन वॅटच्या आसपास वीज घेई. त्याच्यावर पंखा नव्हता, उष्णता पसरवणारी धातूची पट्टीही नव्हती. बोट ठेवले तर कोमट लागावा इतकेच. १९८३मध्ये आलेल्या एक्सटी मॉडेलचा पुरवठा १३० वॅटचा झाला, पण तो हार्ड डिस्क आणि जोडकार्डांसाठी. प्रोसेसर तोच होता. पुढे १९९३मध्ये पेंटियम आला. त्याचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम जन्माने पुण्याचे, अभियांत्रिकीचे शिक्षण मात्र दिल्लीतले. पहिला पेंटियम १५-१६ वॅट खात असे, आणि त्याच सुमारास प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा बसला तो कायमचा.

या काळात ठोक्यांचा वेग शेकडो पटींनी वाढला तरी उष्णता हाताबाहेर गेली नाही. याचे कारण आयबीएममधले रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४मध्ये मांडून ठेवले होते. ट्रान्झिस्टर लहान केला की त्याला लागणारे व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करता येते. मग तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवले, ते जास्त वेगाने चालवले, तरी प्रत्येक चौरस मिलिमीटरमागची उष्णता तेवढीच राहते. प्रोसेसर खातो ती वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे व्होल्टेज ५वरून ३.३वर, तिथून २वर, मग दीडवर येत गेले, तसतशी वेगासाठी जागा होत गेली. संगणक दर दोन वर्षांनी आपोआप दुप्पट वेगवान होतो, अशी जी सवय आपल्या पिढीला लागली ती या नियमाच्या जोरावर.

व्होल्टेज सव्वा-दीड व्होल्टवर पोहोचले आणि नियम थांबला. ट्रान्झिस्टर इतका बारीक झाला होता की बंद केला तरी त्यातून वीज झिरपत राही. नळ नीट न मिटल्यासारखी. व्होल्टेज आणखी उतरवले तर गळती वाढणार, नाही उतरवले तर उष्णता वाढणार. इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी २००१मध्येच एका परिषदेत सांगितले होते की हाच कल चालू राहिला तर चिपवरची उष्णतेची घनता आधी अणुभट्टीच्या, मग अग्निबाणाच्या नळकांड्याच्या आणि शेवटी सूर्याच्या पृष्ठभागाच्या पातळीला जाईल. सभागृहात लोक हसले असतील. पण इंटेलचा विपणन विभाग तेव्हा गिगाहर्ट्झच विकत होता. फेब्रुवारी २००४मध्ये 'प्रेस्कॉट' या नावाने ओळखला जाणारा पेंटियम ४ आला. त्याच्या सर्वांत वेगवान आवृत्तीसाठी ११५ वॅट उष्णता वाहून नेण्याची सोय करावी लागे, आणि ही उष्णता निघत होती जेमतेम सव्वा चौरस सेंटिमीटरहूनही लहान तुकड्यातून. कपड्यांच्या हजार वॅटच्या इस्त्रीचा तवा पावणेदोनशे-दोनशे चौरस सेंटिमीटरचा असतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पाच-सहा वॅट. प्रेस्कॉट त्याच्या पंधरा-वीस पट होता.

त्या वर्षी मे महिन्यात इंटेलने प्रेस्कॉटचा वारस 'तेहास' रद्द केला. ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला, आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेच्या व्यासपीठावर गंमतीने का होईना, गुडघे टेकून त्याबद्दल क्षमा मागितली. सुटका झाली ती इस्राएलमधल्या हैफा इथल्या गटामुळे. लॅपटॉपच्या बॅटरीसाठी काटकसरीने वागायला शिकलेल्या या मंडळींच्या आराखड्यातून जुलै २००६मध्ये कोअर २ ड्युओ आला. त्याचे ठोके कमी, गाभे दोन, आकडा ६५ वॅट, आणि काम प्रेस्कॉटपेक्षा कितीतरी सरस. गिगाहर्ट्झच्या आकड्याला त्या दिवसापासून तुलनेसाठी फारसा अर्थ उरला नाही. आजही प्रोसेसर एक ते दीड व्होल्टच्या आसपासच चालतात. वीस वर्षांत ते खाली सरकलेले नाहीत.

आता दुकानातल्या ठोकळ्यावरचे नाव वाचू. 'आय-फाइव्ह' हे नाव २००९पासून चालू आहे, आणि एवढ्या नावाने काहीही कळत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात 'आय-सेव्हन, झकास चालू' म्हणून जो जुना खोका दाखवतात, त्याच्या नावापुढचा आकडा पाहावा. ३७७० म्हणजे तिसरी पिढी, ७७०० म्हणजे सातवी, १२१०० म्हणजे बारावी. २०२२मध्ये विक्रीला आलेला आय-थ्री १२१०० हा २०१७च्या आय-सेव्हन ७७००ला मागे टाकतो, आणि तिसऱ्या पिढीच्या आय-सेव्हनला तर फारच मागे. म्हणजे हुद्दा पाहण्याआधी जन्मसाल पाहायचे. ऑक्टोबर २०२४पासून इंटेलने डेस्कटॉपसाठी 'कोअर अल्ट्रा' नावाने नवी मोजणी सुरू केली आहे, त्यामुळे हा हिशेब आणखी गोंधळाचा झाला. दुकानदाराला बाजारात आल्याचे वर्ष विचारणे हाच त्यातल्या त्यात सोपा मार्ग.

आकड्यानंतरचे अक्षर त्याहून महत्त्वाचे. इंटेलच्या नावात शेवटी 'एफ' असेल तर त्या प्रोसेसरमध्ये पडद्यावर चित्र काढणारा भाग चालू नसतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड घेतले नाही तर खोका चालू होईल, पडदा काळाच राहील. तो हजार-पंधराशेने स्वस्त दिसतो म्हणून घेणारे कमी नाहीत. 'के' म्हणजे वेग वाढवायला मोकळा सोडलेला, 'टी' म्हणजे कमी विजेवर चालणारा. एएमडीच्या जुन्या एएम४ बोर्डांवर बसणाऱ्या प्रोसेसरांत नेमके उलटे आहे: तिथे 'जी' असेल तरच सहसा चित्राची सोय असते.

मग येतो वॅटचा आकडा. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात तो 'टीडीपी' म्हणून दिलेला असतो. हा आकडा मुळात पंखा बनवणाऱ्यांसाठी आहे. एवढी उष्णता वाहून नेण्याची सोय करा, असे त्यांना सांगणारा. प्रोसेसर कमाल किती वीज ओढेल, हे तो सांगत नाही. इंटेलचा आय-फाइव्ह १२४०० घ्या. त्याचा मूळ आकडा ६५ वॅट, पण जोर लावला की ११७. आय-नाइन १३९००के १२५ वॅटचा म्हणवतो आणि २५३पर्यंत जातो. एएमडीत ६५ वॅट लिहिलेला रायझन ८८ वॅटपर्यंत ओढू शकतो, १७० लिहिलेला ७९५०एक्स २३०पर्यंत. इंटेलने बाराव्या पिढीपासून कमाल आकडाही माहितीपत्रकात छापायला सुरुवात केली, हे चांगले झाले. दुकानात मात्र अजून ६५च सांगतात.

या वरच्या वॅटांतून मिळते काय? वर सांगितलेला व्होल्टेजच्या वर्गाचा नियम इथे आडवा येतो. वेग शेवटच्या दहा टक्क्यांनी वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावे लागते, आणि विजेचा खर्च वेगापेक्षा कितीतरी भरभर चढतो. महागड्या प्रोसेसरला निम्म्या वॅटांचे बंधन घातले तर काम निम्मे होत नाही, त्याहून बरेच कमी घटते. तो शेवटचा वेग स्पर्धेत पहिला नंबर यावा म्हणून असतो. त्याची किंमत २०२४मध्ये दिसली. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले वरच्या दर्जाचे अनेक प्रोसेसर काही महिन्यांत अस्थिर होऊ लागले, खेळ आणि कामे मध्येच कोसळू लागली. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता, त्याने त्याची झीज होत होती, असे कंपनीने शोधून काढले. ऑगस्टमध्ये सुधारणा दिली, हमी दोन वर्षांनी वाढवली. सुधारणेने पुढची झीज थांबते. झालेली भरून येत नाही.

गाभ्यांच्या संख्येचेही असेच. जीन अॅमडाल यांनी १९६७मध्ये दाखवलेली गोष्ट दिवाळीच्या स्वयंपाकघरात सहज पटते. चकल्या पाडायला चार जणी बसल्या तर काम चौपट वेगाने होते. पण कढई एकच असेल आणि भाजणी एकाच गिरणीतून यायची असेल तर दहा जणी बसवून काही होत नाही. ज्या कामाचा निम्मा भाग क्रमानेच व्हावा लागतो, त्याला कितीही गाभे दिले तरी ते दुपटीपेक्षा वेगाने होणार नाही. पाने लावणे, मजकूर तपासणे, हिशेब, पत्रव्यवहार ही अशी कामे आहेत. त्यांना चार ते सहा चांगले, अलीकडचे गाभे भरपूर होतात. चित्रफितींचे संपादन, त्रिमितीय रेखाटन, मोठ्या छायाचित्रांच्या शेकडो प्रती एकदम बदलणे, यांत मात्र गाभे खरोखर वाटून घेतात आणि तिथे पैसे सार्थकी लागतात. माझे मत सरळ आहे: मासिकाची पाने लावणाऱ्याने आय-सेव्हनसाठी ठेवलेला वरचा पैसा आधी स्मृती आणि एसएसडीसाठी, आणि त्याच्याही आधी त्या पत्र्याच्या पेटीसाठी वापरावा.

ही पेटी समजून घ्यायची तर जुना रेडिओचा एलिमिनेटर आठवावा. हाताला जड, थोड्या वेळात तापणारा. त्यात लोखंडी पट्ट्यांचा ट्रान्सफॉर्मर असे, आणि वीज सेकंदाला १०० वेळाच दिशा बदलते म्हणून तो मोठाच असावा लागे. याच रीतीने ३०० वॅटचा पुरवठा केला तर त्याचे वजन किलोंत मोजावे लागेल. एसएमपीएस यातून वळसा घेतो. तो घरातली २३० व्होल्टची वीज आधी सरळ एकदिश करतो. शिखर धरले तर ती ३२५ व्होल्टच्या आसपास भरते. मग तिचे सेकंदाला हजारो-लाखो तुकडे करतो. इतक्या वेगाने बदलणाऱ्या विजेला काडेपेटीएवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. शेवटी ती पुन्हा सपाट करून १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या तारांतून बाहेर देतो. १९७७च्या अॅपल २मध्ये रॉड होल्ट यांनी असा पुरवठा बसवला आणि पंख्याशिवाय संगणक चालवून दाखवला. स्टीव्ह जॉब्स पुढे सांगत की सगळ्यांनी होल्टचीच नक्कल केली. ते खरे नाही. अवकाशयानांत ही रीत १९६०च्या दशकातच होती. १९७०च्या दशकात उच्च व्होल्टेज सोसणारे जलद ट्रान्झिस्टर स्वस्त झाले आणि ती सर्वांच्या हाती आली. (ही पेटी बंद केल्यावरही आतला मोठा कपॅसिटर भरलेला राहतो. कुतूहल म्हणूनसुद्धा ती उघडू नये.)

पेटीच्या बाजूला एक तक्ता चिकटवलेला असतो. निवड करायची ती त्यावरून. वर मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' असेल, पण खालच्या रकान्यांत प्रत्येक व्होल्टेजला किती अँपिअर मिळतात ते दिलेले असते. १९९०च्या दशकात संगणकाची मुख्य भूक ५ व्होल्टवर होती. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड आपली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. याचे कारण पाहण्यासारखे आहे. सव्वा व्होल्टवर चालणाऱ्या १०० वॅटच्या प्रोसेसरमधून ८० अँपिअर वाहतात. एका घराच्या संपूर्ण जोडणीला सहसा एवढे मिळत नाहीत. इतका प्रवाह तारांतून न्यायचा तर तारा बोटाएवढ्या जाड लागतील. म्हणून वीज १२ व्होल्टवर, आठ-नऊ अँपिअरने बोर्डापर्यंत आणायची आणि प्रोसेसरच्या अगदी शेजारी सव्वा व्होल्टवर उतरवायची, अशी व्यवस्था २०००मध्ये पेंटियम ४च्या वेळी पक्की झाली. तेव्हापासून प्रोसेसरजवळ चार काड्यांची वेगळी जोडणी आली.

तेव्हा तक्त्यावर १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर पाहायचे आणि त्यांना १२ने गुणायचे. ३६ अँपिअर असतील तर ४३२ वॅट, म्हणजे ४५०चा दावा प्रामाणिक आहे. १६ असतील तर १९२ वॅटच. उरलेले वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत भरून बेरीज फुगवलेली असते. त्या वॅटांचा आजच्या संगणकाला काही उपयोग नाही. हा गुणाकार दुकानात उभ्याउभ्या करता येतो, आणि मोबाइलवर केला तर दुकानदाराच्या चेहऱ्यावरूनही बरेच कळते. पेटी हातात घेऊन वजन पाहण्याची जुनी रीत अगदीच टाकाऊ नाही. स्वस्त पेट्यांत येणाऱ्या विजेतला गोंगाट गाळणारी वेटोळी, अतिव्होल्टेज शोषणारा घटक, उष्णता पसरवणाऱ्या पट्ट्या यांवरच काटकसर केलेली असते आणि पेटी हलकी भरते. ती बिघडते तेव्हा गप्प बिघडली तर नशीब. १२ व्होल्टच्या तारेत भलतेच व्होल्टेज गेले तर बोर्ड आणि डिस्क दोन्ही घेऊन जाते. कोशाच्या दहा वर्षांच्या नोंदी त्या डिस्कवर असतील तर त्या पेटीचे वाचलेले हजार रुपये कोणत्या खात्यात मांडायचे?

आता हिशेब करू. रायझन ५ ५६००जी घेतला तर कमाल ८८ वॅट. बोर्ड, स्मृती, एसएसडी, पंखे यांचे सढळ हाताने ५०. एकूण १४०. खरे ४०० किंवा ४५० वॅट देणारी लहानात लहान चांगली पेटी त्याला पुरून उरते. आय-फाइव्ह १२४०० आणि ११५ वॅटचे आरटीएक्स ४०६० हे कार्ड, अशी जोडी असेल तर ११७, ११५ आणि ५० मिळून २८०च्या आसपास. ५५०ची पेटी आरामात चालते. पेटी निम्म्या भारावर असताना सर्वांत कार्यक्षम असते, म्हणून एवढी ढील योग्य. ७५० वॅटची पेटी घेतली तर बिल ७५० वॅटचे येते, हा समज चुकीचा आहे. आतले भाग मागतील तेवढीच वीज ती घेते. फार मोठ्या पेटीचा तोटा इतकाच की अगदी कमी भारावर तिची कार्यक्षमता घसरते, आणि पैसे गेलेले असतात. मोठ्या ग्राफिक्स कार्डांची गोष्ट निराळी. आरटीएक्स ४०९० एकटेच ४५० वॅट खाते आणि क्षणभर त्याहून बरीच उसळी मारते. अशा उसळ्या सोसण्यासाठी २०२२मध्ये एटीएक्स ३.० हा नवा संकेत आला. तसले कार्ड घेणाऱ्याने तोच पाहून पेटी घ्यावी.

'८० प्लस'चे ब्राँझ, गोल्ड वगैरे बिल्ले दिसतात ते कार्यक्षमतेचे. टिकाऊपणाची किंवा संरक्षणाची खात्री ते देत नाहीत. २००४मध्ये सुरू झालेल्या या योजनेत साध्या बिल्ल्याला ८० टक्के, तर गोल्डला निम्म्या भारावर ९० टक्के कार्यक्षमता लागते. या अटी अमेरिकेच्या ११५ व्होल्टवरच्या आहेत. आपल्या २३०वर तीच पेटी थोडी बरी चालते. पाने लावणारा संगणक सरासरी ६० वॅट खातो असे धरू. ८० टक्क्यांवर भिंतीतून ७५ वॅट जातील, ९०वर ६७. दिवसाला आठ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर फरक वीस युनिटचा. दहा रुपये युनिट धरले तर दोनशे रुपये. बिलासाठी गोल्ड घेण्यात अर्थ नाही. तोच संगणक ३०० वॅटवर रात्रंदिवस चित्रफिती बनवत असेल तर फरक ३६५ युनिटचा होतो, आणि मग गोल्डचा वाढीव खर्च एक-दोन वर्षांत वसूल होतो.

टिकाऊपणा ठरतो तो कपॅसिटरवरून. या नळकांड्यांत द्रव भरलेला असतो आणि तो उष्णतेने हळूहळू आटतो. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे. १०५ अंशांवर दोन हजार तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांवर बत्तीस हजार तास टिकतो. रोज आठ तासांच्या हिशेबाने तेरा वर्षे. ७५ अंशांवर तो साडेसहा वर्षांतच संपतो. आणि स्वस्त पेटीतला ८५ अंशांचा कपॅसिटर ६५ अंशांवर साडेतीन वर्षेही काढत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच ४० अंशांवर असते, त्यात खोका कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेला. तो कप्पा मागून उघडा केला तरी एवढ्याने पेटीचे आयुष्य वाढते, आणि त्याला खर्च शून्य. म्हणूनच पेटीवर कंपनी पाच वर्षांची हमी देते की एकाच वर्षाची, हा बिल्ल्यापेक्षा बोलका आकडा आहे.

उरला भिंतीतल्या विजेचा प्रश्न, आणि आपल्याकडे तो निम्मा प्रश्न आहे. जुन्या पेट्यांच्या पाठीवर ११५ आणि २३० असा लाल खटका असे; चुकून ११५वर राहिला तर पहिल्याच क्षणी बार उडे. आता 'इनपुट १०० ते २४० व्होल्ट' असे लिहिलेल्या पेट्या मिळतात. संध्याकाळी कृषिपंप सुरू झाले की जिथे व्होल्टेज पावणेदोनशेवर येते, त्या गावांत ही ओळ पाहूनच पेटी घ्यावी. वीज गेल्यावर आतला मोठा कपॅसिटर संगणकाला सुमारे १६-१७ मिलिसेकंद तगवतो. साधा यूपीएस तेवढ्या वेळात काम हाती घेतो. घरचा इन्व्हर्टर मात्र साध्या मोडवर असेल तर याहून जास्त वेळ लावतो, आणि दिवे फक्त लुकलुकतात तेव्हा संगणक बंद पडलेला असतो. इन्व्हर्टरच्या मागचा खटका 'यूपीएस' मोडवर करावा लागतो. चौकोनी लहरींची वीज देणाऱ्या जुन्या इन्व्हर्टरवर नव्या चांगल्या पेट्या कधीकधी चालायलाच नकार देतात. दोष पेटीचा नसतो. साइन लहरींचा इन्व्हर्टर लागतो.

आणि अर्थिंग. खोक्याच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, हा अनुभव जुन्या वाड्यांत आणि चाळींत इतका सार्वत्रिक आहे की लोक त्याला संगणकाचा स्वभाव समजतात. पेटीत गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्यापर्यंत एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. तिसरी तार जमिनीला जोडलेली असेल तर त्यातून झिरपणारी अल्पशी वीज निघून जाते. ती तार सॉकेटमागे कुठेच गेलेली नसेल, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसलेला असेल, तर पत्रा निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५च्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण आत खरोखर काही तुटून फेज पत्र्याला लागली तर तिला जायला तुमच्या हाताखेरीज दुसरी वाट नसते. नवा खोका आणण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून ते सॉकेट तपासून घ्यावे. फेज आणि अर्थ यांच्यात तो टेस्ट-लॅम्प धरील. दिवा पूर्ण उजेडाने पेटला पाहिजे. घरात आरसीसीबी असेल तर ते त्याच क्षणी पडेल, आणि तेही अर्थिंग जिवंत असल्याचेच लक्षण आहे.